वाघोबा खिंडीपलीकडचं पाणी

पालघरहून मनोरकडे निघालं की वाघोबा खिंड लागते. वाघोबाचं देऊळ, रस्त्याकडेला बसलेली माकडं, वर काळदुर्गाचा कातळमाथा. बहुतेक गाड्या क्षणभर थांबतात, हात जोडतात आणि उतरणीला लागतात. पावसाळ्यात इथे थांबलात तर एक गोष्ट आवर्जून बघा. डोंगराच्या पूर्व अंगावर पडलेलं पाणी मासवणकडे धावतं, सूर्या नदीला मिळतं, सूर्येबरोबर वैतरणेत जातं आणि दातिवरे-अर्नाळ्याच्या खाडीतून समुद्र गाठतं. त्याच सरीतलं चार हात अलीकडे, पश्चिम अंगावर पडलेलं पाणी लहान ओढ्या-नाल्यांनी आणि पाणेरीसारख्या तोकड्या नद्यांनी थेट पश्चिमेच्या खाड्यांना जातं. ढग एक, डोंगर एक, पण पाण्याचे संसार दोन.

डोंगराच्या या धारेला जलविभाजक म्हणतात आणि तिच्या एका बाजूचं सगळं पाणी ज्या एका तोंडातून बाहेर पडतं, तो सारा मुलूख म्हणजे पाणलोट क्षेत्र. शब्द मोठा बोलका आहे: पाणी जिकडे लोटतं तो प्रदेश. तालुका, जिल्हा, मतदारसंघ या माणसांनी आखलेल्या रेघा; पाण्याची रेघ ही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा नकाशे बदलले, पण वाघोबा खिंडीतली रेघ होती तिथेच राहिली. बोईसर-तारापूरच्या पाण्याचं दुखणं समजून घ्यायचं तर आधी ही रेघ ध्यानात घ्यावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

पाणलोटाचं शास्त्र सुरू झालं ते एका साध्या बेरजेपासून. नद्या, झरे वाहतात ते पाणी येतं कुठून, याचं कोडं युरोपातल्या विद्वानांना अनेक शतकं होतं. पाऊस त्याला पुरेल यावर त्यांचा विश्वास नव्हता; समुद्राचं पाणी जमिनीच्या पोटातून गाळून वर येत असावं, असा समज होता. १६७४ मध्ये प्येर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाजवळच्या प्रदेशाचा हिशेब छापला. तिथे वर्षाला पाऊस किती पडतो आणि नदीतून पाणी किती वाहतं, हे त्याने मांडलं. पाऊस नदीच्या सहापट भरला. (सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो हा याचा भाऊ.) त्या दिवसापासून जलशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न ठरला: उरलेलं पाणी गेलं कुठे?

हाच प्रश्न घेऊन आपण जरा पूर्वेला, जव्हार-मोखाड्याच्या पठारावर चढू. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा स्वप्नातला वाटेल. आणि तरीही इथल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघितली जाते. मुंबईला पाणी पुरवणारी अनेक धरणं याच वैतरणा-तानसेच्या खोऱ्यात, मोडकसागर आणि मध्य वैतरणा तर अगदी जवळ, आणि हंडा घेऊन दरीत उतरणारी बाई त्यांच्याच काठावरची. हे चित्र आपण इतक्यांदा पाहिलं आहे की त्याचा प्रश्न वाटेनासा झाला आहे.

आकडे मांडले की तो पुन्हा प्रश्न होतो. समजा, एका पाड्याचं पाणलोट पाचशे हेक्टरांचं आहे. त्यावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सव्वा कोटी घनमीटर, साडेबाराशे कोटी लिटर पाणी. गावात हजार माणसं धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे प्रत्येकाला दिवसाला ५५ लिटर दिलं, तर वर्षाची गरज भरते जेमतेम दोन कोटी लिटर. पडलेल्या पाण्याचा सहाशेवा हिस्सा. तो हिस्सासुद्धा मे महिन्यापर्यंत का टिकत नाही?

उत्तर पायाखालच्या दगडात आहे. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, हा वाळूसारखा पाणी पिणारा नव्हे. त्यात पाणी मावतं ते फक्त वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत. भूजल मोजण्याच्या सरकारी पद्धतीत कुजलेल्या बेसॉल्टसाठी मुरण्याचं प्रमाण पावसाच्या सुमारे सात टक्के धरतात. अडीच हजाराचे सात टक्के म्हणजे पावणेदोनशे मिलिमीटर. हेही थोडं नाही. पण या दगडाच्या पोटात रिकामी जागा अवघी एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले तर पावणेदोनशे मिलिमीटर पाणी ठेवायला जवळजवळ नऊ मीटर जाडीचा कुजका थर हवा. डोंगरमाथ्यावर तो असतो कुठे? जुलैतच जमीन तुडुंब भरते आणि पुढचा सगळा पाऊस तिच्या पाठीवरून घसरून जातो. जे मुरलं तेही जागेवर राहत नाही. भूजलालाही उतार असतो. पठाराच्या कडेने दऱ्या खोल कापलेल्या, त्यांतून ते झिरपत निघून जातं. माथ्यावरची विहीर आधी आटते, दरीच्या तळाचा झरा शेवटी. बाई हंडा घेऊन खाली उतरते ती याच कारणाने: ती भूजलाच्या पातळीचा माग काढत उतरत असते.

या भागातल्या पिण्याच्या पाण्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांची विद्या मुळात संगणकशास्त्राची आणि गणिताची. केतन मुलमुले यांच्याबरोबर त्यांनी भौमितिक संगणन-गुंतागुंत या अतिशय अमूर्त विषयाचा पाया घातला आणि त्या कामाला जगभर मान आहे. तोच माणूस ‘सितारा’ या आयआयटीच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातून विद्यार्थ्यांना घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत आणि कर्जतच्या वाड्यांत फिरू लागला. टँकर कोणत्या गावाला लागतो, नळयोजना का बंद पडते, टाकी कुठल्या उंचीवर हवी, असे प्रश्न त्यांनी प्रबंधाचे विषय केले. या साऱ्यामागची त्यांची धारणा मला फार महत्त्वाची वाटते. विद्यापीठाच्या शंभर किलोमीटर परिघातला प्रश्न हा कमी प्रतीचा प्रश्न नव्हे. त्यालाही मोजमाप, प्रतिरूप आणि कठोर तपासणी लागते.

पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाण्याच्या ताळेबंदाची संगणकीय पद्धत तयार केली. मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी ती होती. दिवसागणिक पाऊस, मातीची जात आणि खोली, जमिनीचा उतार, उभं पीक, एवढं सांगितलं की आज पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती पिकाने उडवलं आणि किती खाली भूजलाला मिळालं, याचा हिशेब ती शिवाराच्या तुकड्या-तुकड्याला मांडते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण सगळ्यांनी भिंतींवर वाचली. कुठे जिरेल आणि किती दिवस टिकेल, हे मात्र घोषणेत नसतं. ते या हिशेबात असतं.

आता पठार उतरून खाली येऊ. विक्रमगड तालुक्यात सूर्येवर धामणी धरण, त्याच्या खाली कवडासचा उन्नैयी बंधारा. प्रकल्प आखला तो डहाणू, पालघर, विक्रमगडमधल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. हळूहळू त्या पाण्याला इतर वाटेकरी झाले: वसई-विरार, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अलीकडे एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक योजना. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची ही योजना. त्यातले १८५ वसई-विरारचे, २१८ मीरा-भाईंदरचे. सिंचनाचं पाणी शहरांकडे वळतं म्हणून स्थानिकांनी आंदोलनं केली आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

बोईसरसाठी इथे एक वेगळाच मुद्दा आहे, आणि तो फार कमी बोलला जातो. बोईसर सूर्येच्या पाणलोटात नाही. डोंगररांगेच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला आहे. सूर्येचं पाणी तिथे वाहत जाऊन पोचत नाही. नळातून, जलविभाजक ओलांडून नेलं जातं. वापरलं गेलं की ते सूर्येला परत मिळत नाही. ते उतरतं मुरबे, नवापूर, दांडीच्या खाड्यांकडे जाणाऱ्या चिमुकल्या नाल्यांच्या मुलखात. या नाल्यांचं स्वतःचं पाणी किती? पावसाळ्यात दुथडी, आणि मोखाड्याच्या झऱ्यांचं जे होतं तेच यांचं होतं. हिवाळा सरता सरता नैसर्गिक धार संपते. मग नाल्यात जे काही वाहताना दिसतं ते माणसाने सोडलेलं. नदीत सांडपाणी मिसळलं तर निदान ते नदीत मिसळतं. इथे एप्रिलमध्ये मिसळायला नदीच नसते.

तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर बोईसरची औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायनं, औषधांचे कच्चे घटक, कापड रंगवणं, पोलाद, असे बरेचसे पाणीखाऊ आणि आम्ल-क्षार ओकणारे उद्योग. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक समूहांचा प्रदूषण निर्देशांक काढला. हवा, पाणी, जमीन या तिघांचा मिळून तो काढतात. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. तारापूर होतं ७२.०१ वर. २०१८ च्या मोजणीत ते ९३.६९ वर गेलं आणि देशात पहिलं आलं. नऊ वर्षांत वीस गुणांहून जास्त वाढ.

हे पाणी वाईट आहे असं शास्त्रज्ञ कशावरून म्हणतो? वासावरून आणि रंगावरून गावकरीही म्हणतात, आणि ते बहुधा बरोबरच असतात. पण कागदावर आणायला दोन चाचण्या लागतात. पहिली बीओडी. पाण्याचा नमुना बाटलीत घट्ट बंद करून आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात. आतले जिवाणू त्यातली घाण खातात आणि खाताना विरघळलेला प्राणवायू संपवतात. किती संपला, तितकी कुजणारी घाण. दुसरी सीओडी. इथे जिवाणूंची वाट बघत नाहीत. तीव्र आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेटबरोबर नमुना दोन तास उकळतात आणि ऑक्सिडीकरण होऊ शकणारं जवळपास सगळं एकदम मोजतात. या दोन आकड्यांमधलं अंतर फार सांगून जातं. घरगुती सांडपाण्यात ते कमी असतं. सीओडी भरपूर आणि बीओडी मात्र थोडा, असं दिसलं की समजावं, या पाण्यात असं काही आहे की जे जिवाणूंना खाता येत नाही; कदाचित त्यांना मारणारंही असेल.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं मर्मस्थान हेच. तिथे खरं काम जिवाणू करतात. शेकडो कारखान्यांचं पाणी एका ठिकाणी येतं. एखाद्याने रात्री कडक आम्लाचा लोट सोडला की टाक्यांतले जिवाणू मरतात आणि ती फौज पुन्हा उभी राहायला बरेच दिवस लागतात. तोवर प्रामाणिकपणे पाणी पाठवणाऱ्याचंही पाणी नीट शुद्ध होत नाही. म्हणून सकाळी अकराला भरलेल्या एका बाटलीवर माझा विश्वास नाही. दिवसरात्र, तासातासाला घेतलेले नमुने प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र केले तरच खरं चित्र येतं.

तरीही त्याहून मोठी चूक आपण दुसरीकडे करतो. आपले सगळे नियम एका लिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. समुद्रात सोडायचं असेल तर बीओडी १०० पर्यंत चालतो. तारापूरच्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर, नव्या केंद्राची ५०. आता गुणाकार करा. जुनं केंद्र पूर्ण क्षमतेने आणि अगदी नियमाच्या रेघेवर चाललं, तरी रोज सव्वासहा हजार किलो सीओडी आणि अडीच हजार किलो बीओडी बाहेर पडणार. तीस अंशांच्या आसपास गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये प्राणवायू विरघळतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. अडीच हजार किलोंची मागणी म्हणजे सुमारे तेहतीस कोटी लिटर ताज्या पाण्यातला सगळा प्राणवायू. हवेतून नवा प्राणवायू मिसळत राहतो हे खरं, पण ओझं किती आहे याची कल्पना यावी. आणि हे सगळं कायद्यात बसवून! क्षमता दुप्पट झाली की ओझंही दुप्पट होतं, अहवालात मात्र तोच ‘मर्यादेत’ हा शब्द येतो. सांडपाण्यात चांगलं पाणी ओतलं तरी लिटरमागचा आकडा उतरतो; किलोंचा आकडा तसूभरही हलत नाही.

म्हणूनच पाण्याची गुणवत्ता आणि पाणलोटाचं जलशास्त्र ही दोन खाती नव्हेत. किती घाण चालेल, हे त्या ठिकाणी किती पाणी वाहतं यावर ठरतं, आणि ते महिन्यागणिक बदलतं. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये हे समीकरणात बांधलं. घाण नदीत पडली की प्राणवायू लगेच तळाला जात नाही. जिवाणू तो खात असतात, हवा तो भरत असते. सुरुवातीला खाणं भरण्यापेक्षा जास्त असतं; काही अंतर पुढे गेल्यावर दोन्ही बरोबरीला येतात आणि तिथे प्राणवायू सर्वांत खाली असतो. मग नदी हळूहळू सावरते. मोठ्या नदीत प्राणवायूची ही खळगी सोडल्या जागेपासून काही दिवसांच्या वाटेवर, खूप खाली पडते. बोईसरच्या नाल्यांना एवढी लांबीच नाही. काही किलोमीटरांत ते खाडी गाठतात, म्हणजे जी खळगी नदीत पडायची ती खाडीत पडते. आणि खाडी हे तर माशांचं पाळणाघर. कोळंबीची पिल्लं, निवट्या, चिंबोऱ्या यांचं लहानपण तिवरांच्या मुळांत जातं.

त्यात भरती-ओहोटी. मुंबईच्या उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जसजसं सरकावं तसतशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. ओहोटीबरोबर बाहेर गेलेलं पाणी सहा तासांनी पुन्हा आत येतं, त्यातलं बरंचसं तेच. उधाणाच्या मोठ्या भरतीला खाडी धुतली जाते, भांगाच्या लहान भरतीला पाणी जागच्या जागी झोके खातं. दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांना हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. डोलीचं जाळं लावायचं तर उधाण-भांग जाणावंच लागतं. मात्र सांडपाणी सोडण्याच्या वेळापत्रकात ते ज्ञान उतरलेलं नाही.

या किनाऱ्यावरच्या लोकांनी शेवटी कायद्याचा दरवाजा ठोठावला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली, नुकसान मोजायला लावलं, भरपाईचे आदेश दिले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. नवापूरपासून समुद्रात सुमारे सात किलोमीटर आत सांडपाणी नेणाऱ्या नव्या वाहिनीची योजनाही आखली गेली. खाडीच्या तोंडाशी सोडण्यापेक्षा ते बरं, यात शंका नाही. पण वाहिनीने ओझं कमी होत नाही, फक्त जागा बदलते. आणि नाल्यात चोरून सोडलेलं पाणी वाहिनीत कधीच जात नाही.

मला विचाराल तर तीन गोष्टी आधी व्हायला हव्यात. परवाने लिटरमागच्या मिलिग्रॅमबरोबर दिवसाच्या किलोंमध्येही द्यावेत, आणि ते किलो पावसाळ्यात वेगळे, उन्हाळ्यात वेगळे असावेत. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी प्रवाह मोजणारं ठाणं असावं, कारण प्रवाह माहीत नसेल तर बाटलीतला आकडा आंधळा आहे. आणि वसाहतीभोवतालच्या विहिरींची नोंद गावनिहाय उघड असावी. बेसॉल्टमध्ये भेग जिकडे जाते तिकडे पाणी जातं, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींतली एक निर्मळ आणि दुसरी रंगीत निघू शकते.

हे सगळं सरकारनेच करावं म्हणून थांबायचं कारण नाही. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातल्या प्रश्नांवर काम करावं यासाठी राज्याने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, आणि त्यामागेही सोहोनींचीच विचारसरणी होती. पालघर-बोईसर पट्ट्यात विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकणारी मुलं हजारोंनी आहेत. प्रवाह मोजायला एक फीतपट्टी, एक काठी, एक घड्याळ आणि एक संत्रं पुरतं. नाल्याचा सरळ दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, काठीने चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं सोडा, दहा मीटर जायला किती सेकंद लागले ते लिहा. वरचा थर जरा जोरात धावतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे सेकंदाला वाहणारे घनमीटर. हात पाण्यात घालू नका, हातमोजे वापरा, एकट्याने जाऊ नका. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, ओहोटीच्या वेळी ही नोंद करा, तारीख-वेळ घाला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. येत्या जूनपासून एका नाल्याची, एका वर्षाची अशी वही कुणीतरी सुरू करावी, एवढी माझी विनंती आहे.